बाबांचं गाऱ्हाणं आणि माझा पोटकाष्ट

आमच्या इमारतीतले लोक मला पाहिलं की लिफ्ट सोडून जिन्याने जातात.

सहाव्या मजल्यावरचेसुद्धा जातात! मी विमा विकत नाही, वर्गणी मागत नाही, आंघोळही रोज करतो. मी फक्त पॉडकास्ट सुचवतो. तेही नाटकाचे आणि नाट्यसंगीताचे. एखाद्याला नाटक आवडतं असा नुसता संशय जरी आला, तरी माझ्या जिभेला खाज सुटते. एकदा दातांच्या डॉक्टरांच्या भिंतीवर जुन्या नाटकाचा फोटो दिसला. तोंडात कापसाचे बोळे असताना मी त्यांना संगीत नाटकांवरचा एक झकास पॉडकास्ट सुचवू लागलो. त्यांना वाटलं दुखतंय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

"तू मयताला गेलास तरी तिथे कोणाला तरी लिंक पाठवशील," असं माझी बायको स्मिता म्हणते. (हे खोटं आहे. असं एकदाच झालं, आणि त्या गृहस्थांना तो कार्यक्रम आवडलाही होता.)

आणखी एक सांगतो, पण आपल्यातच ठेवा. सुचवलेल्या पॉडकास्टपैकी निम्मे मी स्वतः ऐकलेलेच नसतात. वेळ कुठे असतो? सगळा वेळ सुचवण्यात जातो.

तर असा मी, आणि अशात माझे सासरे आमच्याकडे मुलुंडला राहायला आले.

बाबा पक्के मालवणी. तरुणपणी गिरणीत होते, आणि गिरणीत असताना गावच्या दशावतारी मंडळात राक्षसाचं काम करायचे. गावात आजही काही म्हातारी माणसं त्यांना पाहून दचकतात म्हणे. सासूबाई गेल्यापासून ते भांडुपला एकटेच राहत होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिथला तीन मजल्यांचा जिना त्यांना बंद झाला. जिन्याबरोबर नाटकही बंद झालं. एरवी दर महिन्याला एक तरी नाटक बघणारा हा माणूस आता आमच्या हॉलमध्ये खिडकीपाशी बसून समोरच्या इमारतीचं रंगकाम बघत बसायचा.

त्यांची निळी बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. ती ते उघडतच नव्हते. रोज सकाळी त्यातून एक सदरा काढायचे आणि चेन पुन्हा लावायचे.

"बाबा, कपडे कपाटात ठेवा ना," स्मिता म्हणायची.

"कित्याक? पूजेपतूर ऱ्हवतंय. मगे गावाक जातंय. चेडवाच्या घरात पाहुण्यान किती दीस ऱ्हवाचा?"

चेडू म्हणजे मुलगी, आणि पूजा म्हणजे आमच्या सोसायटीची वार्षिक सत्यनारायणाची पूजा. ती पंधरवड्यावर आली होती. आणि गावच्या घरात तर कोणीच नव्हतं, विहिरीवर जायला नऊ दगडी पायऱ्या आणि नवा गुडघा एक. स्मिता रात्री उशीत तोंड खुपसून म्हणाली, "अरे, त्यांचा जीव इथे रमला पाहिजे रे. काहीतरी कर ना."

काहीतरी कर! मला! मी अंधारात उठून बसलो.

"पॉडकास्ट नको हं," ती लगेच म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना नवा स्पीकर आणून दिला आणि पॉडकास्ट म्हणजे काय ते समजावलं.

"पोटकाष्ट?" बाबा म्हणाले. "पोटाचो काय संबंध?"

"पोटाचा नाही बाबा. रेडिओसारखंच. पण आपल्याला हवं तेव्हा, हवं ते ऐकायचं. तुमच्यासाठी तीन मस्त काढून ठेवलेत."

पहिला होता नाटकांवरच्या गप्पांचा. दोन तरुण मुलं जुन्या नाटकांवर बोलायची. बाबांना वाटलं, फोन लागलाय. त्यांनी आधी दोघांना नमस्कार केला, गाव विचारलं, मग चर्चेत भाग घेतला. त्यातला एक मुलगा म्हणाला, "पूर्वी नाटक पहाटेपर्यंत चालायचं, लोकांना कंटाळा कसा यायचा नाही?" बाबा उसळून म्हणाले, "अरे झिला, थांब, सांगतंय तुका!" आणि सांगायला लागले. मुलगा थांबला नाही. बाबांनी आवाज चढवला. मुलगा तरी थांबला नाही, उलट हसला! (तो दुसऱ्याच विनोदाला हसला होता, पण हे कोण कोणाला सांगणार?)

"जावयबापू," संध्याकाळी बाबा गंभीरपणे म्हणाले, "तुमचे दोस्त शिकलेले आसत, पण मोठ्या माणसाचा आयकाची पद्धत नाय."

पहिला पॉडकास्ट पडला. दुसरा नाट्यसंगीताचा होता. एका बुजुर्ग गायकाचं पद, मग त्यावर थोडं निरूपण, मग पुन्हा पद. हा तर जमणारच होता! बाबांनी डोळे मिटले, मांडीवर ताल धरला. दोनच मिनिटांत त्यांचा हात मांडीवरून सुटला, मग लटपटला, मग त्यांनी घाबरून डोळे उघडले.

"ह्या गायकाक गाडी पकडूची होती काय ओ?"

मी सगळंच दीडपट वेगाने ऐकतो. (त्याशिवाय सुचवायला वेळ कसा उरणार?) तोच वेग स्पीकरलाही लागला होता. आलाप असा धावत होता की जणू मागे कुत्रं लागलंय, आणि तबलजी बिचारा त्याच्या मागून चपला हातात घेऊन पळत होता. मी वेग कमी केला, पण बाबांचा विश्वास उडाला तो उडालाच. त्यांनी बॅगेतून सदरा काढला आणि चेन लावली. त्या चेनच्या आवाजाने स्मिता स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघायला लागली. ते बघणं मी अजून विसरलेलो नाही.

उरला तिसरा. कोकणातल्या लोकनाट्यावरचा. यातला 'गाऱ्हाणं' नावाचा भाग तर ऐकायलाच हवा असा आहे, असं मी बाबांना छातीठोकपणे सांगितलं. भाग मी अर्थातच ऐकलेला नव्हता. नावावरून वाटलं, कोकणातल्या कलाकारांच्या तक्रारी असतील. मानधन मिळत नाही, गावोगावी डास, वगैरे. आम्ही जाधव, साताऱ्याकडचे. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. शेजाऱ्याच्या म्हशीने कडबा खाल्ला की माणूस गाऱ्हाणं घेऊन येतो.

बाबांनी दार लावून तो भाग ऐकला. एकदा ऐकला, मग परत ऐकला. दार उघडून बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लकाकत होते, आणि गेल्या महिनाभरात पहिल्यांदाच त्यांनी काठी विसरून चार पावलं टाकली.

"जावयबापू! हेका म्हणतत पोटकाष्ट! आता एक काम करा. तुमच्या सोसायटीच्या पूजेक माका एक गाऱ्हाणां घालूचा आसा. सगळ्या लोकांसमोर. सेक्रेटरीक इचारा."

माझी नजर आपोआप छताकडे गेली. आमच्या न्हाणीघराच्या छतावर ओलीचा एक मोठा डाग होता. वरच्या मजल्यावरचे पाठक, म्हणजे आमचे सेक्रेटरी, यांच्या न्हाणीतून पाणी झिरपत होतं. मी त्यांना वर्षभर सांगत होतो आणि ते वर्षभर "बघू या हं जाधव" म्हणत होते. बाबा रोज सकाळी त्या डागाखाली आंघोळ करायचे आणि थेंब टाळूवर पडला की एक शब्द उच्चारायचे. (तो इथे लिहिता येणार नाही.)

माझा ऊर भरून आला. ज्यांना आपण या घरात पाहुणे आहोत असं वाटत होतं, ते आज या घरासाठी भांडायला उभे राहत होते! तेही चारचौघांत!

मी धावत स्वयंपाकघरात गेलो. "अगं ऐकलंस का? बाबा पूजेला गाऱ्हाणं घालणार म्हणतायत!"

मला वाटलं ती दचकेल. तर तिने लाटणं खाली ठेवलं आणि तिचे डोळे भरून आले. "खरंच? बाबा गाऱ्हाणं घालणार? किती वर्षांनी रे!"

मालवणी माणसाला भांडणाची हौस असते असं ऐकून होतो. पण इतकी?

"पण... फार मोठ्याने नाही ना घालणार?" मी विचारलं.

"मोठ्यानेच घालायचं असतं! बाबा गावात गाऱ्हाणं घालायचे तेव्हा वाडीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. लोक हात जोडून उभे राहायचे."

"हात जोडून?"

"मग! आणि हे बघ, नारळ आणून ठेव."

"नारळ कशाला?"

"नारळाशिवाय गाऱ्हाणं घालतात का कुठे? हातात नारळ हवाच. चांगला वजनदार बघ."

माझ्या डोळ्यांसमोर पाठक उभे राहिले. बारीक अंगकाठी, चष्मा, डोक्यावर जेमतेम केस. मग त्यांच्यासमोर बाबा उभे राहिले, माजी राक्षस, हातात वजनदार नारळ. मला घाम फुटला. पण तोंड बंद ठेवेन तर मी कसला!

पाठक मला खाली पत्रपेटीपाशी भेटले. मला पाहून ते जिन्याकडे वळत होते, मी त्यांना गाठलं.

"पाठक, पॉडकास्ट नाही, वेगळं काम आहे. आमच्या सासऱ्यांना पूजेच्या वेळी सोसायटीसमोर गाऱ्हाणं घालायचंय."

पाठकांचा चेहरा उतरला. "कशाबद्दल?"

मी नुसतं वर बघितलं. (त्यांच्या न्हाणीकडे. पण त्यांना वाटलं, देवाकडे.)

"अहो जाधव, पूजेच्या दिवशी कशाला? आपण घरातल्या घरात बसून..."

"मीही तेच म्हणतो. पण त्यांनी नारळसुद्धा मागवलाय."

"नारळ?"

"वजनदार," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाठकांच्या घरात फोडाफोडी सुरू झाली. जो प्लंबर वर्षभर गावाला गेलेला होता, तो चोवीस तासांत परत आला आणि सोबत आणखी दोघांना घेऊन आला! दुपारी पाठक स्वतः खाली येऊन बाबांना म्हणाले, "काका, सगळ्या टाइल्स नवीन बसवतोय. काही मनात ठेवू नका."

"माझ्या मनात काय ठेवतलंय?" बाबा म्हणाले. "जा काय आसा ता महाराजासमोर बोलतलंय."

पाठक दोन पावलं मागे सरकले. हा महाराज कोण, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. मलाही झालं नाही. मला वाटलं, गावचा कोणी वकील असेल.

मग बातमी पसरली. इमारतीतला ओला डाग बुजतोय, तोही कोणी एक शब्द न बोलता, नुसतं 'गाऱ्हाणं घालणार' म्हटल्यावर, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या शिरसाट मॅडम आल्या. बँकेत मॅनेजर, तोलून बोलणाऱ्या बाई. "काका, लिफ्टचंही घाला ना त्यात. मध्येच बंद पडते, सासूबाई अडकल्या होत्या."

बाबांनी मान डोलवली. "घालतंय. नक्की घालतंय."

मग पहिल्या मजल्यावरच्या शहाभाभी आल्या. "अंकल, ते कबूतर. खिडकीत कपडा सुकवायला नाय भेटत. कोण दाणा टाकते ते मला माहीत हाय, पण मी नाव नाय सांगणार. सातव्या मजल्यावर राहते."

"तेचाय घालतंय."

बघता बघता आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग लागला. पार्किंग, कचरा, गच्चीची किल्ली, कोणाचा पियानो, कोणाचं लग्न जमत नाही! (यात सोसायटी काय करणार होती, देव जाणे.) बाबा खुर्चीत ताठ बसून प्रत्येकाचं ऐकत होते, मध्येच "व्हय, व्हय" म्हणत होते. खिडकीकडे त्यांची पाठ होती. समोरच्या इमारतीचं रंगकाम संपलेलंही त्यांना कळलं नाही.

"काय माणसां आसत ओ तुमच्याकडे!" ते मला म्हणाले. "मुंबईत गाऱ्हाण्याची येवढी आस्था असात असा वाटला नव्हता."

रोज सकाळी ते दार लावून तालीम करायचे. दाराआडून गर्जना यायची, "जो कोण वाकडा-नाकडा करीत असात, तेका सरळ कर रेऽऽ!" आणि वरच्या मजल्यावर हातोड्याचे ठोके एकदम जोरात पडायला लागायचे.

पूजेचा दिवस उजाडला. तळमजल्यावर मांडव, चौरंगाला केळीचे खांब, आणि एरवी पूजेला फक्त प्रसादापुरती येणारी माणसं आज आरतीच्या आधीच खुर्च्या धरून बसली होती. पाठकांनी बाबांना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि प्रसादाचा पहिला द्रोण तुम्हालाच, असं सांगितलं. आरती झाली. बाबा उठले. स्मिताने त्यांच्या हातात नारळ ठेवला.

पाठक झेपावले! "काका, इतकं जड कशाला, मी धरतो!" असं म्हणत त्यांनी नारळाला दोन्ही हातांनी मिठी मारली. बाबा सोडेनात. पाठक सोडेनात. मी मध्ये पडलो. "बाबा, जाऊ द्या ना, त्यांनी दुरुस्ती केलीय! टाइल्ससुद्धा नव्या बसवल्यायत!"

"टाइल्सांचो गाऱ्हाण्याशी काय संबंध?" बाबा म्हणाले.

"अहो, तुम्ही पाठकांची तक्रार करणार होतात ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्मिताकडे पाहिलं. स्मिताने कपाळाला हात लावला.

"अरे, गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे!" ती म्हणाली. "आमच्याकडे देवासमोर नारळ धरून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतात, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. सगळ्या गावाचं भलं कर म्हणून! अठरा वर्षं झाली रे आपल्या लग्नाला! आणि तूच तर सुचवलास ना तो भाग? ऐकलास ना तू?"

शंभर माणसं माझ्याकडे बघत होती.

"ऐकला... म्हणजे... थोडासा..." मी म्हणालो.

पाठकांनी नारळ सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, आणि मग त्यांना टाइल्स आठवल्या.

बाबा मात्र हसले. इतके हसले की नारळ पोटाशी धरावा लागला. मग त्यांनी डोळे पुसले, लोकांना सांगितलं, "मी बोलतंय, तुमी सगळ्यांनी फकत 'व्हय महाराजा' म्हणाचा." आणि देवाकडे तोंड करून उभे राहिले. काठी खुर्चीलाच टेकलेली होती.

"बा देवा महाराजाऽ! आज ह्या मुलुंडात, ह्या बिल्डिंगीत, ही सगळी तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, रे महाराजा!"

"व्हय महाराजा," दहाबारा जण चाचरत म्हणाले.

"ही लिफ्ट जी काय मधीच अडकता, ती सुरळीत चलांदे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" शिरसाट मॅडमचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"कबुतरांका बुद्धी दी, आणि तेंका दाणे घालणाऱ्यांका तेच्या आदी दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" शहाभाभी कडाडल्या. सातवा मजलाही हळूच म्हणाला.

"पाठकांच्या न्हाणीतला पाणी पाठकांकडेच ऱ्हवांदे रे महाराजा!"

"व्हय महाराजाऽ!" हे पाठक स्वतः म्हणाले, आणि इतक्या कळवळून म्हणाले की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पियानो झाला, पार्किंग झालं, लग्न झालं. मग बाबांचा आवाज जरा खाली आला. "माझ्या चेडवाच्या घरात ह्यो म्हातारो इलो हा. तेचो तेंका भार होव नये. आणि तेचाय मन हयच रमांदे रे महाराजा."

स्मिताने पदर तोंडाला लावला. तिच्या वतीने मी म्हणालो. मनापासून म्हणालो. पाठमोऱ्या बाबांची मान किंचित हलली, आणि मला वाटलं, झालं, आता नारळ फोडणार. पण राक्षसाची कामं केलेला माणूस शेवटचं वाक्य राखून ठेवतो, हे मी विसरलो होतो.

"आणि माझ्या ह्या जावयाक," आवाज पुन्हा वाडीच्या टोकापर्यंत गेला, "माणूस गुणी आसा, पण दिसात तेका, स्वतः न आयकता, पोटकाष्ट सांगूची जी काय बाधा लागली हा, ती आजच्या आज दूर कर रे महाराजाऽऽ!"

"व्हय महाराजाऽऽऽ!"

मांडवाचं कापड हललं. मी शपथेवर सांगतो, हललं. सगळ्यात मोठा आवाज माझ्या बायकोचा होता.

त्या रात्री निळी बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली. आता दर शनिवारी तळमजल्यावर बाबांभोवती इमारतीतली मंडळी जमतात, जुन्या नाटकांच्या गोष्टी ऐकतात, आणि ते बोलत असताना मध्ये कोणी बोलत नाही. पाठक ते फोनवर रेकॉर्ड करतात आणि लोकांना पाठवतात. म्हणजे तो पॉडकास्टच झाला, आणि या इमारतीत मी न सुचवता लोक ऐकतात असा तो पहिलाच.

लोक आता मला पाहून जिन्याने जात नाहीत, बिनधास्त लिफ्टमध्ये शिरतात. कारण मी "एक मस्त पॉडकास्ट..." एवढं म्हटलं, की आतले सगळे एका सुरात "व्हय महाराजा!" म्हणतात, आणि पुढच्या मजल्यावर मला उतरवून देतात.